सातारा-सांगलीची फुलपाखरं, पतंग आणि त्यांचे अभ्यासक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर फोटो यायला सुरुवात होते. कुणाच्या ओसरीत पंजाहून मोठा पतंग येऊन बसलेला असतो, कुणाच्या कढीपत्त्याची पानं दोन दिवसांत फस्त झालेली असतात, तर कुणाला बामणोलीच्या रस्त्यावर रात्री पांढरी चादर ताणून बसलेली माणसं दिसलेली असतात. यांतले जे प्रश्न दरवर्षी पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह इथे दिले आहेत. जातींची नावं अभ्यासकांच्या तोंडी असतात तशीच, म्हणजे बहुतेक इंग्रजी ठेवली आहेत. नोंदी शोधताना तीच उपयोगी पडतात.

१. फुलपाखरू आणि पतंग यांत नेमका फरक काय? दिवसा उडतं ते फुलपाखरू, एवढंच ना?

आधी मिशा बघा. फुलपाखराची मिशी बारीक असते आणि टोकाशी जाड होते. पतंगाची मिशी पिसासारखी, कंगव्यासारखी किंवा टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. बसल्यावर फुलपाखरू बहुधा पंख पाठीवर उभे मिटतं, पतंग ते आडवे पसरतो नाहीतर उतरते ठेवतो.

पण दिवस-रात्रीची खूण दरवेळी चालत नाही. दिवसा उन्हात उडणारे रंगीत पतंग आपल्याकडे पुष्कळ आहेत. उलट कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू असूनही दिवसभर पाचोळ्यात बसतं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतं. खरं सांगायचं तर फुलपाखरं म्हणजे पतंगांच्याच वंशवृक्षावरची एक फांदी. फुलपाखरं आणि पतंग मिळून जो गण होतो, त्यातल्या सुमारे १,६०,००० जातींना आजवर नावं मिळाली आहेत, त्यांत फुलपाखरं १९,००० च्या आसपास. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर, तर पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. तरी आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो फुलपाखरांचेच असतात.

२. फुलपाखरं पतंगांपासून आली हे कशावरून कळलं? आणि कधी आली?

डीएनएवरून. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जगभरातल्या सुमारे २,३०० जातींची ३९१ जनुकं तपासून फुलपाखरांचा वंशवृक्ष मांडला गेला. त्यातले बरेचसे नमुने संग्रहालयांत आधीपासून ठेवलेले होते. निष्कर्ष असा की सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, आजच्या उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या भागात, दिवसा उडणारी पहिली फुलपाखरं निशाचर पतंगांपासून वेगळी झाली. तिथून ती आशियात आली. भारत त्या काळी चहूबाजूंनी समुद्र असलेलं बेट होता, तरी फुलपाखरं इथेही पोचली.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: त्या पहिल्या फुलपाखरांच्या अळ्या बहुधा शेंगावर्गीय झाडांवर वाढत होत्या. तूर, हरभरा, बाभूळ, टाकळा, बहावा हे सगळे त्याच कुळातले. आजही आपल्या बांधावरच्या टाकळ्यावर ग्रास यलोच्या हिरव्या अळ्या सापडतात.

३. संशोधक सातारा-सांगलीकडे का येतात? इथे असं काय आहे?

पाऊस, आणि तो किती लवकर कमी होत जातो ते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे, आणि तिथे ५०० मिलिमीटर पडला तरी शेतकरी वर्ष चांगलं गेलं म्हणतो. सांगली जिल्ह्यातही तेच: शिराळ्याला पश्चिमेचं दाट जंगल, आटपाडी-जतला काटेरी माळ. जमीन दोन्हीकडे मूळ काळ्या पाषाणाची. पाऊस बदलतो तशी झाडं बदलतात, आणि झाडांमागोमाग फुलपाखरं.

फुलपाखरू कुठे आढळेल हे त्याच्या अळीचं खाद्यझाड ठरवतं. प्रौढ फुलपाखरू कुठल्याही फुलावर मध पिऊ शकतं, पण अळी बहुतेक वेळा दोन-चार जातींची झाडंच खाते. पश्चिमेला कारवीवर ब्लू ओकलीफ वाढतं. दालचिनीच्या कुळातल्या झाडांवर ब्लूबॉटल वाढतं. पूर्वेला ही झाडं नाहीत, मग ती फुलपाखरंही नाहीत. तिथे वाघाटी, नेपती, हबळ अशी कोरड्या माळावरची झुडपं आहेत, आणि त्यांच्यावर वाढणारी पांढरी-पिवळी, केशरी टोकांची फुलपाखरं आहेत. आषाढी द्वादशीला उपास सोडताना ज्या वाघाट्याची भाजी करतात, त्याच वेलीवर ग्रेट ऑरेंज टिप अंडी घालतं.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास पठार हे चारही पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले. त्यामुळे संशोधकांचं लक्ष पश्चिमेकडे आहे. पूर्वेचं काय, ते प्रश्न ९ मध्ये सांगितलं आहे.

४. राज्य फुलपाखरू आमच्याकडे दिसेल का?

दिसेल. ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी किंवा नीलवंत, जून २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळसर पट्टे, आणि पंख पसरल्यावर वीतभर रुंदी. कोयना, बामणोली, महाबळेश्वर इथे पावसाळ्यात आणि त्यानंतर सहज दिसतं. लिंबू, पपनस, माकडलिंबू यांवर अळ्या वाढतात, म्हणून घाटापासून लांबच्या बागांमध्येही अधूनमधून येऊन जातं.

५. संशोधक जंगलात नेमकं काय करतात? रात्रीची पांढरी चादर कशासाठी?

दिवसाचं काम बहुतेक चालण्याचं असतं. ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेगाने चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या जागेत जे दिसेल ते मोजायचं. ही पद्धत १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाली. दर महिन्याला त्याच वाटेवर तीच मोजणी केली, की कोणती जात कधी वाढते आणि कधी दिसेनाशी होते ते कळतं.

रात्री चादर ताणून तिच्यावर अतिनील किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावतात. अमावास्येच्या आसपास, ढगाळ आणि वारा पडलेल्या रात्री सर्वांत जास्त पतंग येतात. फोटो काढले जातात, मापं घेतली जातात. काही वेळा एक पाय डीएनएसाठी घेऊन पतंग सोडून देतात. त्या पायातून एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला, तर जात ओळखायला बहुतेक वेळा तेवढा पुरतो.

सगळ्यांत कमी होणारं आणि सगळ्यांत मोलाचं काम म्हणजे अळ्या वाढवणं. अळी कोणत्या झाडावर सापडली, किती दिवसांनी कोष केला, आतून काय बाहेर आलं, हे लिहून ठेवायचं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बरणी, मलमलीचं फडकं आणि रोज ताजी पानं असली की पुरे.

६. दिव्याभोवती पतंग का घिरट्या घालतात? त्यांना उजेड आवडतो का?

आवडीचा प्रश्न नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की पतंग आणि इतर कीटक उडताना पाठ उजेडाकडे करतात. लाखो वर्षं रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ होतं, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहायचं. दिवा बाजूला असला की पतंग त्याच्याकडे पाठ वळवतो, तिरपा होतो आणि तिथेच फिरत राहतो. अंगणातला दिवा गरज नसेल तेव्हा बंद ठेवा. रात्रभर फिरून दमलेले पतंग सकाळी कोतवाल आणि साळुंक्यांच्या तावडीत सापडतात.

७. अभ्यासासाठी फुलपाखरं मारावी का लागतात? एवढे चांगले कॅमेरे असताना?

मोठ्या, ठळक फुलपाखरांसाठी नाही लागत, फोटो पुरतो. पण ब्लू आणि स्किपर या गटांतली छोटी फुलपाखरं आणि पतंगांच्या शेकडो जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. नव्या जातीचं वर्णन करायचं तर एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या कुणालाही तो तपासता येतो. प्रश्न २ मधला वंशवृक्ष अशाच जपून ठेवलेल्या नमुन्यांवर उभा राहिला.

हे काम परवानगीने, मोजक्या नमुन्यांवर आणि प्रशिक्षित हातांनी व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी टाचणीला टोचलेल्या फुलपाखरांचं मला समर्थन करता येत नाही. त्यांच्यासोबत तारीख नसते, गाव नसतं, आणि मग त्यांचा अभ्यासालाही उपयोग नसतो.

८. मी जाळीने पकडून स्वतःचा संग्रह केला तर चालेल का?

कोयना, चांदोली, सागरेश्वर अशा संरक्षित क्षेत्रांत अजिबात नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तिथली पाचोळ्यातली अळीसुद्धा उचलायची नाही. बाहेरही फुलपाखरांच्या बऱ्याच जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने या अनुसूची नव्याने मांडल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या, म्हणून जुन्या पुस्तकातली यादी पाहून ठरवू नका. परदेशी संशोधकांना २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची संमतीही लागते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात विनापरवाना कीटक गोळा करणाऱ्या दोन परदेशी कीटकतज्ज्ञांना अटक झाली होती आणि प्रकरण न्यायालयात गेलं होतं.

गावात कुणी अनोळखी माणूस फुलपाखरांचे कोष किंवा भुंगे पैसे देऊन विकत घेत असेल, तर वनविभागाला कळवा.

९. आमचा भाग माण-खटाव, जत-आटपाडीचा. इथे दुष्काळ. इथे काय फुलपाखरं असणार आणि कोण बघायला येणार?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कोणत्याही जातीच्या प्रसाराचा नकाशा उघडून पाहा. महाबळेश्वर, कास, कोयना इथे ठिपक्यांची गर्दी असते. पूर्वेकडे सरकलात की ठिपके विरळ होतात आणि जतच्या पुढे बरेचदा कोरी जागा. ती कोरी जागा वाचणाऱ्याला वाटतं, तिथे फुलपाखरू नाही. खरं म्हणजे तिथे कुणी बघितलेलं नसतं. या दोन गोष्टी नकाशावर सारख्याच दिसतात, आणि संशोधकाची फसगत इथेच होते. उद्या पाऊसमान बदललं आणि एखादी जात पूर्वेकडे सरकली, तर ती नव्याने आली की आधीपासून होती हे सांगायला आधीची नोंदच नसेल.

आणि पूर्वेकडे पाहण्यासारखं खूप आहे. कोरड्या माळावरच्या काही जाती घाटात सापडणारच नाहीत: सॅमन अरब, क्रिम्सन टिप, स्मॉल ऑरेंज टिप. या फुलपाखरांचं मूळ आफ्रिका ते भारत अशा कोरड्या पट्ट्यात आहे. नेपतीचं एखादं झुडूप शेताच्या बांधावर उरलं असेल, तर जून-जुलैत अर्धा तास त्याच्याजवळ बसा. पांढरं, काळ्या शिरांचं पायोनियर त्याच्याभोवती फिरताना दिसण्याची शक्यता बरीच आहे. मिरजेजवळचं दंडोबाचं डोंगर, म्हसवडकडचे माळ, मायणीच्या तलावाच्या कडेची झुडपं या सगळ्या ठिकाणांहून नियमित नोंदी व्हायला हव्यात.

एक धोकाही सांगतो. या झुडपांना काडीची किंमत नाही असं समजून बांध साफ केले जातात, गायरानात सरसकट एकाच जातीची रोपं लावली जातात. त्यात नेपती आणि हबळ जातात, आणि त्यांच्यावर वाढणारी फुलपाखरं त्यांच्यासोबत जातात. वृक्षारोपणाच्या वेळी उघडा माळ म्हणजे रिकामी जागा समजू नका.

१०. नोंद पाठवायची तर फोटोत काय हवं?

तारीख, गावाचं नाव, आणि पंखांची खालची बाजू. वरून काढलेला फोटो देखणा असतो, पण ब्लू आणि यलो या गटांतली फुलपाखरं ओळखायच्या खुणा बहुधा खालच्या बाजूला असतात. नुसतं 'सातारा' लिहू नका; प्रश्न ३ वाचलात तर कळेल की महाबळेश्वरचा सातारा आणि माणचा सातारा यांत केवढा फरक आहे. अंडी घालताना दिसलं तर फुलपाखरापेक्षा झाडाचा फोटो आधी काढा. आयनॅचरलिस्ट आणि बटरफ्लाइज ऑफ इंडिया ही दोन ठिकाणं अभ्यासक नियमित पाहतात. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, सुरुवात करायला तो चांगला.

साधी, रोजची फुलपाखरंही नोंदवा.

११. जुन्या काळी इथे कुणी अभ्यास केलाय का?

एक नाव सातारकरांना माहीत असायला हवं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्यात झाला, वडील मिशनरी होते. मीठ आणि जकात खात्यात नोकरी करताना ते निसर्गाचं निरीक्षण करत राहिले आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या स्थापनेत सहभागी झाले. कारवारला असताना त्यांनी डेव्हिडसन आणि बेल या दोघा अधिकाऱ्यांसोबत तिथल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढवल्या, खाद्यझाडं नोंदवली आणि ते काम सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. पश्चिम घाटातल्या अळ्यांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं तिथून सुरू होतं. सव्वाशे वर्षांनंतरही ते उपयोगी पडतं, कारण प्रत्येक अळीसोबत झाडाचं नाव आहे.

१२. कढीपत्त्यावर एकाच जातीच्या अळ्या होत्या, पण माद्या वेगवेगळ्या निघाल्या. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ही गोष्ट तुमच्या परसात घडते आणि जगातले उत्क्रांतीचे अभ्यासक तिच्यावर आयुष्य घालवतात.

ते फुलपाखरू कॉमन मॉर्मन. नर सगळे एकसारखे, काळे, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी आपल्याकडे तीन रूपांत येते. एक नरासारखीच. दुसरी कॉमन रोझसारखी. तिसरी क्रिम्सन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि त्या वेलीतलं विष अंगात साठवतात. एकदा खाऊन पस्तावलेला पक्षी पुन्हा त्या लाल-काळ्या रंगाच्या वाटेला जात नाही. कॉमन मॉर्मनची मादी विषारी नाही, ती फक्त तसा वेष घेते आणि वाचते. मग सगळ्याच माद्या तो वेष का घेत नाहीत? कारण नकली जास्त झाले आणि असली कमी उरले, तर पक्ष्यांना चवदार घास वारंवार सापडतील आणि ते त्या रंगाला घाबरणं सोडतील.

पंखांचा रंग, ठिपक्यांची जागा, हे सगळं एकदम कसं बदलतं हे कोडं बरीच वर्षं होतं. अभ्यासकांचा अंदाज असा की एकमेकांना चिकटून असलेली अनेक जनुकं मिळून हे करत असावीत. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की यामागे डबलसेक्स नावाचं एकच जनुक आहे. कीटकाचं शरीर नराचं की मादीचं घडायचं हे ठरवणारं तेच जनुक इथे माद्यांचा वेषही ठरवतं. एकाच आईच्या पोटी वेगवेगळ्या रूपांच्या लेकी का होतात, हे त्यावरून उलगडतं.

अशीच दुसरी जोडी: डॅनेड एगफ्लायची मादी विषारी प्लेन टायगरचा वेष घेते. प्लेन टायगर रुईवर वाढतं, एगफ्लायची अळी घोळीच्या भाजीवर.

१३. मग कढीपत्त्यावरच्या आणि लिंबावरच्या अळ्या मारायच्या नाहीत का?

झाड मोठं असेल तर पानं परत फुटतात. रोप अगदी लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा. कढीपत्त्याची अळी रुईवर ठेवली तर ती उपाशी मरेल, तेवढं लक्षात असू द्या.

१४. डाळिंबातली अळी फुलपाखराची असते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. डाळिंबातली फळ पोखरणारी अळी, म्हणजे सुरसा, ही कॉमन ग्वावा ब्लू या छोट्या फुलपाखराची अळी आहे. मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते, अळी आत शिरून दाणे खाते, आणि त्या छिद्रातून पुढे फळ कुजतं. आटपाडी, जत, माणच्या बागायतदाराला याचं नुकसान माहीत आहे, आणि त्याला 'फुलपाखरू वाचवा' असं सांगण्यात अर्थ नाही. कोवळ्या फळांना पिशव्या घालणं आणि पोखरलेली फळं वेचून नष्ट करणं, याने इतर कीटकांना धक्का न लावता बराच बंदोबस्त होतो.

पिकत आलेल्या डाळिंबावर रात्री सोंड खुपसून रस पिणारे पतंग वेगळे. त्यांच्या अळ्या बागेत नसतातच. त्या कुंपणावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. त्यामुळे बागेत अळ्यांसाठी फवारा मारून हे पतंग थांबत नाहीत. पिशवी इथेही कामाला येते.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी हा तिसरा प्रकार. ती मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. हा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. जातींचा प्रसार कसा होतो, हा विषय शेतकऱ्याच्या दारात किती थेट येतो ते इथे दिसतं.

१५. पावसाळ्यात पंखावर डोळे होते, उन्हाळ्यात नाहीत. दोन जाती आहेत का?

एकच. पीकॉक पॅन्सी आणि कॉमन इव्हनिंग ब्राऊन यांची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपं वेगळी असतात. पावसाळ्यात खालच्या बाजूला ठळक डोळे, उन्हाळ्यात वाळक्या पानाचा रंग. अळी आणि कोषाच्या काळातल्या तापमानासारख्या गोष्टींवरून ते ठरतं. ही वंशाने आलेली वेगळी रूपं नव्हेत. त्या बाबतीत प्रश्न १२ मधला प्रकार निराळा.

१६. ओल्या चिखलावर फुलपाखरांचा घोळका का बसतो?

क्षारांसाठी, मुख्यतः सोडियमसाठी. बहुतेक नर असतात. मीलनात ते हे क्षार मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतात.

१७. शेकडो फुलपाखरं एकाच दिशेने जाताना पाहिली. ती कुठे जातात?

ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर आणि कॉमन क्रो दक्षिण भारतात पावसाळ्याआधी घाटातून पूर्वेच्या मैदानाकडे जातात आणि पावसाळ्यानंतर परततात. बहाव्यावर वाढणारी कॉमन एमिग्रंटही थव्याने सरकतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांमधल्या मार्गांची चित्रं अजून अपुरी आहेत. म्हणून असा थवा दिसला तर फोटोपेक्षा दिशा, वेळ, आणि पाच मिनिटांत किती गेली ते लिहा.

१८. घरात प्रचंड मोठा पतंग आला. त्याला काय खायला द्यावं?

काही नाही. ॲटलस पतंग आणि मून मॉथ यांना प्रौढपणी खाणारं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ते जेमतेम आठवडाभर जगतात, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. दिवा बंद करा, रात्री स्वतःहून जाईल. पंखांची धूळ डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो हे खरं नाही. ते पंखांवरचे खवले असतात. केसाळ सुरवंट मात्र हाताने धरू नका. केस टोचलेच तर चोळू नका, चिकटपट्टीने काढा आणि साबणाने धुवा. डोळ्यांत गेले किंवा श्वासाला त्रास झाला तर दवाखाना गाठा.

१९. शाळेत फुलपाखरू बाग करायची आहे. कोणती झाडं लावू?

अळ्यांची झाडं आधी: कढीपत्ता, लिंबू, रुई, कण्हेर, पानफुटी, बहावा, आणि पूर्व भागात वाघाटी. मधासाठी झेंडू, सदाफुली चालतील. घाणेरी लावू नका. तिच्यावर फुलपाखरं खूप येतात हे खरं, पण ती पसरते आणि अळ्यांची झाडं खालून मारून टाकते. कोष विकत आणून समारंभात सोडणंही टाळा, ती कुठली आहेत ते कळत नाही आणि प्रसाराच्या नोंदी बिघडतात.

२०. कासवर एवढी फुलं, म्हणजे सर्वांत जास्त फुलपाखरंही तिथेच असणार ना?

फुलं जास्त म्हणजे फुलपाखरं जास्त, असं होत नाही. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मातीचा थर पातळ, वारा जोराचा, आणि फुलांच्या हंगामात ऊन कमी. मोठी खाद्यझाडं सड्यावर नाहीत. ती कडेच्या जंगलात आहेत, म्हणून विविधताही सड्याच्या काठावर आणि खाली उतरणाऱ्या वाटांवर जास्त सापडते. रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या, सुगंधी फुलांकडे पतंग येतात, पण तेव्हा पर्यटक परतलेले असतात.

२१. काही फुलपाखरं पश्चिम घाटात आहेत, थेट ईशान्य भारतात आहेत, मधे नाहीत. उडत गेली का?

पॅरिस पीकॉक तसंच आहे. ब्लू मॉर्मन आपल्याकडे, आणि त्याचा जवळचा नातेवाईक ग्रेट मॉर्मन ईशान्येकडे. सुंदरलाल होरा यांनी माशांच्या अभ्यासातून १९४० च्या दशकात सातपुडा गृहीतक मांडलं: एके काळी सातपुड्याच्या रांगेतून ओल्या प्रदेशातले जीव पश्चिम घाटापर्यंत आले असावेत. दुसरी मांडणी अशी की ओलं जंगल सलग होतं आणि मधला भाग कोरडा पडल्यावर दोन टोकांना जीव उरले. कोणती जात कशी वेगळी झाली याचं उत्तर जातीगणिक वेगळं येऊ शकतं. दोन्हीकडचे नमुने घेऊन डीएनएवरून फारकतीचा काळ काढावा लागतो.

२२. यादीत नसलेली जात आमच्या गावात दिसली. नवा शोध लागला का?

आधी चार शक्यता तपासा. ऋतूनुसार बदललेलं रूप (प्रश्न १५). वेष घेतलेली मादी (प्रश्न १२). वाऱ्याने किंवा स्थलांतरात आलेलं एखाददुसरं (प्रश्न १७). आणि चौथी, जी हल्ली वाढली आहे: रोपवाटिकेच्या रोपांसोबत आलेली अळी. रेड पिएरो शहरांमधल्या गच्च्यांवर दिसतं ते कुंडीतल्या पानफुटीमुळे.

यांतलं काहीच नसेल, तर ती प्रसाराची नवी नोंद असू शकते. त्याच ठिकाणी पुन्हा जा, शक्य असेल तर वेगळ्या महिन्यात. अंडी किंवा अळी सापडली, तर जात तिथे प्रजनन करते हे सिद्ध होतं आणि नोंदीचं वजन एकदम वाढतं. वरून, खालून आणि झाडासह फोटो काढा, पकडू नका. समाजमाध्यमांवर नेमकी जागा उघड करण्याआधी अभ्यासकाला विचारा, कारण दुर्मीळ जातीच्या ठिकाणी गर्दी होते. नाव नक्की होईपर्यंत नोंद फक्त कुळाच्या पातळीवर ठेवता येते. आयनॅचरलिस्टवर तशी सोय आहे.